घरचे जावई आणि समुद्राचा वारा

मैत्रिणींनो, पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न आमच्या पडेगावच्या घरात कधी पडतच नाही. दौलताबाद-खुलताबादचा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. सकाळी देवगिरी, दुपारी भद्रा मारुती, मग वेरूळ, आणि दिवेलागणीला परत घरी. डब्यात काय न्यायचं हेसुद्धा वर्षानुवर्षं ठरलेलं. पण मागच्या डिसेंबरात मस्कतहून आमच्या वन्सं आल्या. सोबत त्यांचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई, आणि दोन मुलं. आल्या दिवशीच जावईबापू म्हणाले, "वहिनी, वेरूळ चारदा पाहून झालं. या खेपेला शिडाच्या होडीतून बेटांवर फिरायचं. तिकडे परदेशात लोक अख्खं कुटुंब घेऊन आठ-आठ दिवस असे फिरतात. आपल्याकडे नाही का तसं काही?"

सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग तशीच ताटात टाकली. सत्तरी उलटलेल्या आमच्या सासूबाईंनी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. "समुद्रावर? आन् तेही होडीतून? मला नका धरू त्यात," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी काही न विचारता, "समुद्राला वाहायला नारळ इथूनच न्यावे का तिथं मिळतील?" अशी चौकशी त्यांनीच केली!

आता तुम्ही म्हणाल, पडेगावकरांना समुद्राची काय माहिती? खरं आहे. आमच्याकडे पाणी म्हटलं की नळाचा वार आणि टँकर आठवतो. पण आपल्याच कोकणात बेटांवरच्या किल्ल्यांची मोठी रांग आहे. थळसमोर खांदेरी-उंदेरी, हर्णैला सुवर्णदुर्ग, मालवणला सिंधुदुर्ग, आणि मुरूडला जंजिरा नि पद्मदुर्ग. यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग तर २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही गेले. आम्ही मुरूड निवडलं ते दोन कारणांनी. एक, तिथे एका बेटावरून दुसरं बेट नजरेला दिसतं. आणि दुसरं, राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात. इंजिनाची घरघर नाही, रॉकेल-डिझेलचा वास नाही. ज्यांना प्रवासात वासानेच मळमळतं, त्यांना याचं मोल कळेल.

बेत असा आखला: पडेगावहून नगर, पुणे, ताम्हिणी घाट आणि माणगाव करत सुमारे चारशे किलोमीटर, मुरूडला मुक्काम. पहिल्या दिवशी जंजिरा, दुसऱ्या दिवशी पद्मदुर्ग, आणि त्याच संध्याकाळी पाहुणे परस्पर मुंबईला. रात्रीचं विमान. तिकिटं काढलेली.

बेत कागदावर इतका छान दिसत होता की मी तो फ्रिजवर चिकटवून ठेवला. चूक इथेच झाली, हे मला पुढे कळलं. शिडाच्या बोटीतून जगभर हिंडणाऱ्या लोकांत एक जुना दंडक आहे म्हणे. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना एक तर जागा सांगावी, नाहीतर तारीख सांगावी. दोन्ही कधी सांगू नयेत. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर किंवा पॅसिफिकमध्ये बोटीवरच संसार थाटून राहणारी जोडपी असतात. त्यांना भेटायला आई-वडील, बहीण-भाऊ आठ-दहा दिवसांची रजा काढून येतात. मग अमुक दिवशी अमुक बेटावर त्यांना उतरवून घ्यायचं आणि अमुक दिवशी विमानतळाच्या बेटावर पोचवायचं, या घाईत ही अनुभवी माणसंसुद्धा नको त्या हवेत बोट बाहेर काढतात. एरवी चार दिवस नांगर टाकून स्वस्थ बसली असती ती. म्हणजे वाईट हवा एकटी धोक्याची नसते. वाईट हवा आणि पाहुण्यांचं परतीचं तिकीट एकत्र आलं, की होते.

हे मला राजपुरीच्या धक्क्यावर उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिला दिवस मात्र दृष्ट लागण्यासारखा गेला. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही धक्क्यावर होतो. वारा अगदी बेताचा. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतात? रात्री जमीन लवकर निवते, म्हणून तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा उलट फिरतो, समुद्राकडून जमिनीकडे, तो खारा. दुपारी दोन-तीनच्या पुढे त्याचा जोर वाढतो. मी हे मार्कांसाठी पाठ केलं होतं. आमच्या नाखवाला ते पाठ करावं लागलं नव्हतं. त्याने नुसती मान वर करून शिडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा लवकर, वारा चांगला हाय तोवर जाऊन येऊ."

शिडाची होडी कशी चालते हे जवळून पाहण्यासारखं आहे. डोलकाठीला एक लांब वासा तिरका बांधलेला असतो. त्याला परबाण म्हणतात. त्या परबाणाला शीड. दोर ओढला की ते शीड सरसर वर चढतं, आधी फडफडतं, मग एकदम पोट काढून ताठ होतं, आणि होडी बाजूला किंचित कलते. या कलण्यालाच पहिल्यांदा बसणारी बाई घाबरते. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली! घाबरू नका. कलणं हे शिडाच्या होडीचं नेहमीचं चालणं आहे. आपण मात्र एकदम उठून दुसऱ्या बाजूला धावायचं नाही. आणि वारा समोरून असला तर होडी नाकासमोर जात नाही. थोडी डावीकडे, मग शीड फिरवून थोडी उजवीकडे, अशी नागमोडी जाते. लांबून वाटतं, नाखवा वाट चुकला. "हा कुठं चाललाय वाकडा?" असं सासूबाईंनी मोठ्यानेच विचारलं. नाखवा हसला. "आजी, वाऱ्याला सरळ गेलेलं चालत न्हाय."

मस्कतच्या भाच्याने तेवढ्यात आपलं ज्ञान पुढे केलं. "मामी, जंजिरा म्हणजे काय माहितेय? अरबीत जझीरा म्हणजे बेट!" म्हणजे ज्याला आपण जंजिरा-किल्ला म्हणतो त्या नावाचा अर्थ नुसता 'बेट'. पोरगं तिथे शाळेत अरबी शिकतं, त्याचा असा उपयोग झाला.

आणि मैत्रिणींनो, त्या होडीत बसल्याबसल्या मला एक गोष्ट सुचली. पडेगावचा नि जंजिऱ्याचा काय संबंध, असं मी घरून निघताना म्हणत होते. पण आमचं शहर खडकी या नावाने १६१०मध्ये वसवलं ते मलिक अंबरने. तो मूळचा हबशी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जंजिऱ्याचे सिद्दी तेही हबशीच, आणि त्यांची सुरुवातही निजामशाहीच्याच चाकरीतली. मलिक अंबर १६२६मध्ये वारला. त्याची कबर आमच्या पडेगावावरून पुढे गेलं की खुलताबादला आहे. समुद्र ओलांडून आलेल्या या माणसाने आमच्या कोरड्या गावासाठी जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. आणि गंमत पाहा, जंजिऱ्यात शिरलात की चहूकडे खारं पाणी असताना मध्ये गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव! सासूबाई त्या तलावाच्या काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. बुरूज, तोफा, दरवाज्यावरचं ते पंजात हत्ती धरलेलं जनावर, कशाकडेच त्यांनी फारसं पाहिलं नाही. "एवढं गोड पाणी समुद्रात, आन् आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस," एवढंच म्हणाल्या.

ज्या संभाजी महाराजांचं नाव २०२३पासून आमच्या शहराला आणि जिल्ह्याला आहे, ते याच किल्ल्यासमोर १६८२च्या सुरुवातीला ठाण मांडून बसले होते. होड्यांनी किल्ला पडेना, तेव्हा त्यांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडधोंडे टाकून समुद्रातून वाटच बांधायला घेतली! पण त्याच सुमाराला औरंगजेब मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरला, आमच्याच औरंगाबादेत येऊन बसला, आणि मोगलांच्या स्वाऱ्या कोकणाकडे वळल्या. महाराजांना वेढा सोडून मागे फिरावं लागलं. किल्ला शेवटपर्यंत सिद्द्यांकडेच राहिला. १९४८मध्ये ते संस्थान भारतात विलीन झालं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, पण होडीतून ते किनारा-ते-किल्ला अंतर डोळ्यांनी पाहिलं तेव्हा त्या बेताचा आवाका कळला.

आता थोडं घरगुती. शिडाच्या होडीतून पाहुण्यांना, त्यातही वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल, तर या गोष्टी मी ठेचा खाऊन शिकले. तुम्ही आयत्या घ्या.

उपाशीपोटी होडीत बसू नये आणि तुडुंब जेवूनही बसू नये. घरी पुरीभाजीचा बेत केला होता. तो मी मुद्दाम परतल्यावर काढला. निघण्याआधी तासभर एखादं केळं, कोरडी चपाती, नाहीतर मुरमुरे. बरोबर आलेपाक ठेवावा, चघळायला आवळासुपारी. ज्यांना एरवी मोटारीतही त्रास होतो त्यांनी आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि ती होडीत बसल्यावर नव्हे, आधी. एकदा मळमळायला लागलं की गोळीचा उपयोग होत नाही. बसायला होडीचा मधला भाग सर्वांत कमी हलतो. नजर पायांशी किंवा मोबाइलमध्ये नको. लांब जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे ठेवावी. आमच्या धाकटीने फोटो काढायच्या नादात मान खाली घातली आणि पाच मिनिटांत पांढरीफटक पडली.

साडी नेसायला हरकत नाही, पण नऊवारी असो की पाचवारी, निऱ्या घोट्याच्या वर हव्यात आणि पदर घट्ट खोचलेला. काठावरून होडीत पाय टाकताना लाटेने होडी वरखाली होते. ती वर येईल तेव्हा पाय टाकायचा, आणि नाखवाच्या हाताला धरायची लाज बाळगायची नाही. सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला. छत्री मुळीच नको. वाऱ्यात ती उलटते आणि शिडाच्या दोरांत अडकते. डोक्याला रुमाल बांधलेला बरा.

आणि एक अवघड गोष्ट, जी पुरुष मंडळी कधी सांगत नाहीत. होडीत बायकांची सोय नसते. धक्क्यावर पोचल्यावर आधी त्याची चौकशी करून मगच बसा. यासाठी आपल्या बायका काय करतात, तर पाणीच पीत नाहीत! सासूबाईंनी सकाळपासून घोटभर चहावर काढलं होतं, आणि किल्ल्यातल्या उन्हात त्यांना भोवळ आली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने तर हे कदापि करू नये. थोडं थोडं पाणी, चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, हे दर अर्ध्या तासाने द्या; वेळेचं पुढचं पुढे पाहता येतं.

तरंगायची जाकिटं. यात हसण्यासारखं काही नाही. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जीव गेले. दुपारची वेळ, समुद्र शांत. जाकीट 'बाजूला ठेवलेलं' उपयोगाचं नाही, अंगात हवं, आणि सगळ्या पट्ट्या बांधलेल्या. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाला घालून चालत नाही. पाण्यात ते डोक्यावरून वर सरकतं. होडीत चढण्याआधी माणसं मोजा आणि जाकिटं मोजा. हा हिशोब आपण बायकांनीच करावा, कारण पानं मांडताना आपण तो रोजच करतो.

आणखी एक हिशोब सांगते, तो कोळीवाड्यात सर्वांना येतो. भरती केव्हा येणार हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मिनिटाचा काटा जुळणार नाही, पण अंदाजाला पक्कं. नुसतं वाळूत पाय भिजवायला जाणार असाल तरी हे बघून जा. याच मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ला सहलीला आलेली पुण्याची चौदा कॉलेजची मुलं बुडाली. ओहोटीचं पाणी ओढून नेतं, आणि आपल्यासारख्या देशावरच्या माणसाला वरून ते शांत दिसतं.

तर दुसरा दिवस. त्या दिवशी संकष्टी. सासूबाईंचा उपास, आणि पाऊणपटीच्या हिशोबाने भरती दुपारी तीनला. पद्मदुर्गाला राजपुरीसारख्या नेमाने जाणाऱ्या होड्या नाहीत. कोळ्यांशी बोलून ठरवावी लागते. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला तोंड द्यायला मुरूडसमोरच्या कासा खडकावर तो बांधला. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत आणि मधला चुन्याचा दर्जा मात्र तसाच बाहेर उभा आहे, हे जावईबापूंनी कुठेतरी वाचलं होतं आणि त्यांना ते हात लावून पाहायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

आदल्या संध्याकाळी नाखवाने आम्हाला लाय पाटलाची गोष्टही सांगितली होती. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीतून शिड्या लावण्याची कामगिरी या कोळी सरदाराने केली, पण मागून यायची ती माणसं वेळेत आली नाहीत, आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी त्याच्या धाडसाबद्दल पालखीचा मान दिला, तर तो म्हणाला, समुद्रावरच्या माणसाला पालखी काय करायची? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत दिलं आणि त्याचं नाव 'पालखी' ठेवलं, असं सांगतात. मुलांनी ही गोष्ट तीनदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच हवा निराळी होती. उत्तरेचा गार वारा सुटला होता, आणि नारळाच्या झावळ्या एकाच बाजूला झुकून राहिल्या होत्या. भाच्याने मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा काढून दाखवला. दुपारनंतर त्यात रंग गडद होत होता. खाडीत पाणी चढेपर्यंत होडी निघू शकत नव्हती, म्हणजे दुपारी दोनच्या आत निघणं नाही. आणि दोनच्या पुढे खारा वारा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. नाखवा धक्क्यावर आला, समुद्राकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आज नको. जाताना वारा तोंडावर. पोचाया वेळ लागंल, आन् तिथं उतराया धक्का न्हाय, खडकावर पाणी फुटतंय. उद्या सकाळच्याला वारा पडंल, मंग बघू."

उद्या! उद्या सकाळी पाहुणे मस्कतला उतरणार होते.

जावईबापूंनी दुप्पट पैसे देऊ केले. नाखवाने नुसती मान हलवली. तेवढ्यात दुसरा एक होडीवाला पुढे आला. "चला साहेब, मी नेतो. रोजचंच हाय." जावईबापूंचा चेहरा खुलला. वन्संनी पर्स सावरली. मुलं तर अर्धी पाण्यात. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. घरच्या जावयाला नाही म्हणायची पाळी आली की आमचे हे नेहमी क्षितिजाकडे पाहतात.

मी माणसं मोजली: आठ. जाकिटं मोजली: सहा. त्यांत लहान मापाचं एकही नाही. "दोघं तर पोरं हायत, मांडीवर घ्या," होडीवाला म्हणाला.

मैत्रिणींनो, जावयाला नाही म्हणणं किती कठीण असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तीन वर्षांनी आलेले. आल्यापासून कधी कशाला नावं ठेवली नाहीत. एकच हौस बोलून दाखवली होती, आणि तिच्यासाठी चारशे किलोमीटर आलो होतो. समोर ते बेट दिसत होतं. काही फार लांब नाही. माझ्या तोंडून आवाज निघेना. मग मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, मुलांना जाकिटं नाहीत. मी नाही जाऊ देणार."

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरताय. मुलं मस्कतला पोहायला शिकलीत."

"तलावात," मी म्हटलं. "आणि आई आहेत, उपाशी आहेत. मी नाही म्हणते."

पुढे कोणी काही बोललं नाही. वन्सं मुलांचे पाय पुसायला लागल्या. सासूबाईंनी माझी बाजू घेतली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. वाळूवर बसल्यावर त्या हळूच मला म्हणाल्या, "मला खोलीवर ठेवून गेले असते ना सारे. जावयाचं मन मोडलंस बघ." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि आणखी एक सांगते, लपवून काय करू? त्या होडीवाल्याला दुसरी मंडळी मिळाली. पाच-सहा तरुण मुलं होती. ती गेली, आणि दिवेलागणीला परतही आली. नखशिखांत भिजलेली, एकजण ओकून ओकून आडवा, पण सुखरूप. जावईबापूंचं सामान गाडीत चढत होतं तेव्हाच ती धक्क्यावर उतरली. त्यांनी त्या मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही, पण पाहिलं. मी सरबताची बाटली गाडीत दिली. निघताना ते सासूबाईंच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "येतो वहिनी." एरवी त्यांच्या निरोपात दहा वाक्यं असतात.

त्या रात्री पावणेनवाच्या सुमाराला नारळीतून चंद्र वर आला. सासूबाईंनी किनाऱ्यावरच त्याला ओवाळलं, उपास सोडला, आणि वाळूत बसून दोन मोदक खाल्ले. मोदक तिथल्या खानावळवाल्या ताईंनी मुद्दाम करून दिले होते. भरपूर ओलं खोबरं, बाहेरची पारी कागदासारखी पातळ. समोर पद्मदुर्गाचा काळा ठिपका दिसत होता. वारा तोवर पडला होता.

सकाळी सहाला नाखवा दारात हजर. समुद्र असा, की घडी घातलेलं लुगडं पसरावं. "चला आजी, आज नेतो," तो म्हणाला. भरती पहाटेच चढून गेली होती, पण होडी त्याने रात्रीच खाडीबाहेर नांगरून ठेवली होती. आम्हा चौघांना जाता आलं असतं. आमचे हे चपला घालून तयारही झाले. सासूबाई मात्र ओसरीवरून उठल्या नाहीत. "लेक-जावयाला सोडून मी नाही बघायची," म्हणाल्या. मग नाही गेलो.

पंधरा दिवस मस्कतहून फोन यायचा तो वन्संचाच. जावईबापू 'बरं आहे ना' एवढं विचारून फोन देऊन टाकत. परवा मात्र त्यांनी स्वतः लावला. थंडी संपायच्या आत पुन्हा यायचं म्हणतात. मी म्हटलं, या जरूर, मुलांच्या मापाची जाकिटं तिकडूनच घेऊन या, आणि परतीचं तिकीट चार दिवस पुढचं काढा. "जागा सांगतो, तारीख नाही," ते म्हणाले आणि हसले. तो दंडक मला कोणी सांगितला, असं मघापासून तुमच्या मनात असेल, तर तो त्यांनीच. त्यांच्या मस्कतच्या कार्यालयातला एक गृहस्थ शिडाच्या बोटीतून हिंडणारा आहे, त्याच्याकडून ऐकून.

सासूबाईंनी घरून चार नारळ नेले होते. दोन जंजिऱ्याच्या दिवशी समुद्राला वाहिले, एक नाखवाच्या होडीला. पद्मदुर्गाच्या वाटेसाठी ठेवलेला चौथा तसाच पडेगावला परत आला. त्याच्या वड्या केल्या. गूळ थोडा जास्त पडला, पण चांगल्या झाल्या. मस्कतला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर अर्ध्या पाठवल्या.